खिडकीची उन्हाकडची बाजू

१

उन्हाळ्यात आमच्या घरी जेवणं झाली की पुरुष आतल्या खोलीत झोपत आणि आई गॅलरीत जाई.

आतल्या खोलीच्या खिडकीला बाहेरून खसची ताटी बांधलेली असे. वाळ्याचा तो जाड पडदा ओला असेल तोवर आत गार, वासाचा वारा येतो. वाळला की सरळ लू, उन्हाची झळ. म्हणून कुणीतरी बाहेर उभं राहून त्याच्यावर पाणी मारत राहावं लागतं. आमच्याकडे हे ‘कुणीतरी’ म्हणजे आई. गॅलरी पश्चिमेची. मे महिन्यात तिथल्या फरशीवर मांजरसुद्धा पाय ठेवत नसे.

आबा, म्हणजे माझे वडील, संताजीराव, पलंगावर आडवे होत. ताटी वाळली की डोळे न उघडता हात लांब करीत आणि बोटातली चांदीची आंगठी खिडकीच्या चौकटीवर वाजवीत. ठक ठक. बाहेर बादलीत लोटा बुडे. छप्प. मग पुन्हा वास, पुन्हा गारवा, पुन्हा घोरणं. आईला त्यांनी कधी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. आमच्या घराण्यात बायकोचं नाव घेत नाहीत म्हणे. आंगठी वाजवतात.

पणजोबा होळकरांच्या पागेत होते. एवढ्या एका वाक्यावर आमच्या घरातले दोन म्हातारे, आबा आणि काका, जन्मभर जगले. संस्थान गेलं, मध्यभारत झाला, तो मोडून मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आबा बांधकाम खात्यात कारकून झाले. दुपारी झोपताना मात्र ते सरदारच असत.

आई मागच्या ज्येष्ठात गेली. गॅलरीतच, भर दुपारी. आबांनी आंगठी वाजवली, पाणी आलं नाही. पुन्हा वाजवली. मग चिडून उठले. हे त्यांनी स्वतःच आल्यागेल्याला सांगितलं, तक्रार सांगावी तसं. ऊन लागलं म्हणाले. जसं काही ऊनच जिना चढून तिला शोधत आलं होतं.

मी तेव्हा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तेराव्यानंतर कॉलेजला गेलोच नाही.

२

यंदा चैत्र संपायच्या आत आबांनी एअर कंडिशन आणलं. मिलच्या कुठल्याशा साहेबाचा बंगला रिकामा झाला, त्याच्या लिलावातून. हमाल ते लोखंडी धूड जिन्यानं वर चढवत होते आणि राजवाड्यामागची आमची अख्खी गल्ली माना वर करून बघत होती. आबांना तेच हवं होतं.

“मी सियागंजातून मिस्त्री आणतो,” मी म्हणालो. “हरी म्हणून आहे. सिनेमा हॉलची मशीनं बसवतो.”

“मिस्त्री? आतल्या खोलीत?”

“आतल्या खोलीत आता बाईमाणूस आहे कोण?”

“लक्ष्मण, जबान सांभाळ,” उदयसिंहकाका म्हणाले. काका आबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, नोकरी केली नाही. कधीकाळी राजवाड्याच्या चौकीवरचं बंद घड्याळ त्यांच्या हातून चालू झालं होतं, तेव्हापासून ते घरातले इंजिनिअर.

“आपल्या आतल्या खोलीत आजवर परका माणूस शिरलेला नाही,” आबा म्हणाले. “तुझ्या आईच्या वेळी डॉक्टरसुद्धा उंबऱ्याशी उभा राहिला होता.”

“माहीत आहे. मी आलो तेव्हा तो तिथूनच मान हलवत होता.”

आबा उठले. धोतर खोचून कामाला लागले.

खिडकीची दारं काढली. ताटी काढून गॅलरीच्या कोपऱ्यात फेकली. फळ्या ठोकून मशीनसाठी घर केलं, ते मोठं झालं. मशीन बसल्यावर उजव्या बाजूला चार बोटं फट राहिली. पण खरी गंमत पुढे. मशीनची बाहेरची बाजू आपोआप किंचित खाली झुकली होती. आबा गल्लीत उतरले आणि खालून ओरडले, “उदय! हे मान टाकून बसलंय! लोक काय म्हणतील?”

“फिर? उचलू का?”

“उचल. आपल्या घरची वस्तू रस्त्यापुढे मान घालून बसणार नाही.”

काकांनी बाहेरच्या टोकाखाली जाड ठोकळा सारला. मशीन ताठ झालं, ताठाहून थोडं जास्तच. वर आल्यावर आबांनी आईची ट्रंक उघडली, तिचं जुनं अंजिरी लुगडं काढलं, टरटर फाडलं आणि त्या चार बोटांच्या फटीत बोळे कोंबले.

मी बघत होतो. नवं लुगडं ठेवून त्यांनी जुनं निवडलं होतं. काटकसर म्हणून.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा फ्यूज उडाला. काकांनी त्यात जाडजूड तार घातली. “आता बघ. अख्खं इंदूर जळेल, पण हा फ्यूज उडणार नाही.”

३

उन्हाळ्यात आबांची कचेरी सकाळची. जेवून दोघे आत झोपले, मी पलंगाशेजारी खाली चटईवर. दुसऱ्या खोलीत राहवत नव्हतं म्हणून. मशीन घरघरत होतं. हवा येत होती, गार म्हणावी इतपत.

डोळा लागता लागता मला वास आला. वाळ्याचा. ओल्या वाळ्याचा.

मी स्वतःला समजावलं. इतकी वर्षं चौकटीचं लाकूड ते पाणी पीत आलंय. हवा लागली की वास सुटणारच. यात काय आहे?

मग घरघरीच्या खालून तो आवाज. छप्प. थोड्या वेळानं पुन्हा. छप्प.

मशीन पाणी सोडतं, एवढं मला ठाऊक होतं. हवेतली ओल गोळा होते आणि थेंबाथेंबानं गळते. पण थेंब टप् वाजतो. हे कुणीतरी लोट्यातून, मनगटाला झटका देऊन, उभ्या पडद्यावर मारलेलं पाणी होतं. खालच्या दुकानातून असेल, मी म्हटलं. खाली भांडीवाले आहेत, भांडी विसळत असतील. भर दुपारी, दुकान बंद करून?

संध्याकाळी बघतो तर मशीनच्या पोटाखालून भिंतीवर ओघळ आलेला आणि फरशीवर थारोळं. बाहेर जायचं ते पाणी आत येत होतं. काकांनी खाली घंगाळ ठेवलं आणि म्हणाले, “चलता है. नवीन आहे.”

“जुनं आहे काका. लिलावातलं.”

“आपल्यासाठी नवीन आहे ना.”

घंगाळातल्या पाण्यात वाळ्याची एक काडी तरंगत होती.

४

दुसऱ्या दुपारी आवाज सुरू झाल्याबरोबर मी उठून गॅलरीत गेलो.

कुणी नव्हतं. असणार कोण? मशीनचं ढुंगण गरम हवा ओकत होतं, तोंड भाजेल अशी. कोपऱ्यात ताटी पडलेली, वाळून कुरकुरीत. बादली पालथी, तिच्यावर धूळ. मी बोट फिरवून पाहिलं.

फरशी ओली होती. ते ठीक. मशीन गळतं. पण ओल मशीनच्या वरही होती. फळ्यांवर, चौकटीच्या माथ्यावर, थेट तुळईपर्यंत. पसरट, पंख्यासारखी, लोट्यातून मारल्यावर उमटते तशी. पाणी खाली गळतं. वर चढत नाही. एवढं शिकायला पॉलिटेक्निक लागत नाही.

आणि ती ओल वाळत नव्हती. फरशी तव्यासारखी तापलेली, अंगात लू शिरतेय, आणि भिंत भिजलेली.

मी तिथे उभा राहिलो. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. पण घाबरण्याच्याही आत दुसरंच काही होतं. कॉलेजातून येताना कोपऱ्यावरून वर बघितलं की गॅलरीत तिचा पदर दिसे आणि पाय आपसूक भरभर पडत, तसं काहीतरी.

मी आत आलो. आत येताच, माझ्या पाठीमागे: छप्प.

५

बाहेर गेलं की काही दिसत नाही, हे कळलं. म्हणून मी आतून बघायचं ठरवलं.

दोघे घोरायला लागल्यावर मी मशीनच्या उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसलो आणि फटीतला लुगड्याचा बोळा हळूच ओढला. पांढरं ऊन डोळ्यांत घुसलं. काहीच दिसेना. मग त्या पांढऱ्यात एक कोपर आलं.

कोपर, आणि थोडा दंड. ओल्या हिरव्या बांगड्या मनगटाकडून कोपराकडे घसरल्या, हात खाली गेला, पुन्हा वर आला. छप्प. पदराचा काठ कमरेला खोचलेला. अंजिरी. माझ्या मुठीत त्याच लुगड्याची चिंधी होती आणि बाहेर ते लुगडं अख्खं होतं.

मी डोळा फटीला आणखी भिडवला. कोपरावर घामोळं उठलं होतं, तिला दर उन्हाळ्यात उठे तसं. ते बघून मला जे वाटलं त्याला भीती म्हणणार असाल तर म्हणा.

“आई,” मी म्हणालो.

हात थांबला. लोट्याच्या काठावरून एक थेंब निघाला आणि लोंबकळत राहिला.

माझ्या डोक्यावरून एक हात पुढे आला. आबांचा. डोळे मिटलेले, तोंड उघडं, आणि आंगठी चौकटीवर. ठक ठक.

बाहेरचा हात घाईनं खाली गेला. ती घाई मला पाठ आहे. छप्प.

“आबा,” मी म्हणालो. “आबा, तुम्हाला ऐकू येतं?”

“येतं.” डोळे मिटलेलेच.

“बाहेर कोण आहे?”

आबांनी हात मागे घेऊन उशीखाली घातला.

“गारवा येतोय ना?” आबा म्हणाले. “झोप मग.”

आणि त्यांनी कूस बदलली.

६

मग रोज तेच. मी बोळा काढून बसे. कधी कोपर दिसे, कधी पाठीचा तुकडा, एकदा मानेवर चिकटलेले केस. तोंड कधीच नाही. फट त्या बाजूची नव्हती. हाक मारली की ती थांबे, आणि ती थांबली की आंगठी वाजे.

रोज ती माझ्यापासून हातभर लांब उन्हात उभी होती आणि मी सावलीत बसून तिला बघत होतो. बघून झालं की मला बरं वाटत होतं. आबांना गारवा मिळत होता, मला ती मिळत होती. म्हणजे माझ्यात आणि त्या म्हाताऱ्यात फरक काय राहिला?

मशीन वाकडं बसलंय तोवर खोली नीट गार होणार नाही. खोली गार झाली नाही की आबा आंगठी वाजवणार, आणि आंगठी वाजली की ती येणार. नीट बसलं तर ती सुटेल. आणि फट बुजेल.

वैशाखात आबा-काका लग्नाला देवासला गेले. मी सियागंजात जाऊन हरीला बोलावून आणलं.

हरी खोलीत शिरला, मशीन बघून कमरेवर हात ठेवून हसत सुटला. “भिया, हे कोणी लावलं? तोफ लावलीय की काय? किसको सलामी देना है?”

“घरच्यांनीच लावलंय.”

“तेच. घरचे लावतात आणि मग हरीला रडत येतात. अहो, बाहेरची बाजू थोडी खाली पाहिजे, मग पाणी बाहेर पडतं. ही तर आत ओततेय. आणि एवढी मोठी फट! सारी लू अंदर. थंडक कशी होणार? लाख वेळा बटण दाबा.” फ्यूजची तार बघून त्याचं हसू मावळलं. ती त्यानं आधी बदलली.

काम करताना तो शीळ घालत होता. ठोकळा काढला, मशीन झुकवलं, फळ्या नव्यानं कापल्या. एकदा गॅलरीत वाकला असताना मान पुसत म्हणाला, “बहोत पानी फेकता है भिया तुम्हारा मशीन.” मशीनची विजेची पिन काढून भिंतीशी ठेवलेली होती. त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

शेवटी फटच उरली. “बंद करू?”

“जरा थांब. खाली जाऊन चहा घेऊन ये.”

“आता? एक फळी तर राहिलीय.”

“जा ना यार.”

तो गेला. मी फटीत हात घातला, कोपरापर्यंत. बाहेर ऊन होतं, नुसतं ऊन, हाताचे केस करपतील असं. मी तळहात उघडा धरला. काय मागत होतो कोण जाणे. हाक मारली नाही. हाक मारायची आमच्या घरी रीतच नाही.

मग मनगटावर पाणी पडलं.

मारलेलं नव्हे, ओतलेलं. हळू, बारीक धारेनं, मनगटाकडून बोटांकडे. लहानपणी गल्लीतून खेळून आलो की ती मोरीशी उभी राहून असंच हातावर पाणी घालायची. मी बोटं चोळायची, तिनं धार धरायची, माती निघेपर्यंत. मी बोटं चोळली. धार थांबली नाही. बांगड्या वाजल्या, अगदी जवळ, आणि कुणीतरी माझ्या अंगठ्याचं नख आपल्या बोटानं घासलं. मळ राहिला होता तिथे.

जिन्यावर हरीची शीळ आली आणि धार तुटली.

“हात कसा भिजला?” त्यानं विचारलं.

“मशीनचं पाणी.”

तो भिंतीशी पडलेल्या पिनेकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग शीळ न घालता फळी ठोकली, कडेनं तेलात मळलेली लांबी भरली, अंगठ्यानं दाबत दाबत, वरपासून खालपर्यंत. आणलेला चहा त्यानं तसाच ठेवला.

७

खोली अशी गार झाली की काका रजई मागू लागले. घंगाळ कोरडं. वास नाही, आवाज नाही. आबा नव्या फळीवरून हात फिरवत म्हणाले, “बघितलंस उदय? यंत्राला मुरू द्यावं लागतं.” मिस्त्री आला होता, हे मी सांगितलं नाही. ते विचारणारही नव्हते.

मला वाटलं होतं, मला हलकं वाटेल. मी फळीपाशी बसे. लांबीचा वास येई, नुसता तेलकट. दोन दुपारी मी तिथे कान लावून बसलो आणि मग आत बसवेना म्हणून गॅलरीत गेलो. भिंत वाळली होती. तुळईपर्यंत खडखडीत. मी बादली सुलटी केली, खालून पाणी आणून भरली, लोटा घेतला आणि उभा राहिलो. का, ते विचारू नका. ती कुठे उभी राहायची ते बघायचं होतं. पाय भाजत होते.

तेवढ्यात आतून आलं. ठक ठक.

मला आधी हसू आलं. आत रजई घेऊन पडलाय हा माणूस, दात वाजताहेत, आणि तरी? मी लोटा हलवला नाही.

ठक ठक. जरा जोरात.

आता गारव्यासाठी नव्हतं, हे मला कळलं. आधीही केवळ गारव्यासाठीच होतं की नाही, देव जाणे. दया आली नाही. बायको आहे की नाही हे बघायला ज्याला एवढ्या वर्षांत एकदाही उठता आलं नाही, त्याची दया मी कशाला करू? माझ्या हातात भरलेला लोटा होता. एकदा मारला असता तर म्हातारा निवांत झोपला असता. मी मारला नाही.

ठक ठक. ठक ठक ठक. आंगठी काढून मुठीनं ठोकल्यासारखं. मग काही नाही. नुसतं मशीन.

आणि मग फळीच्या अगदी जवळून, लाकडाला तोंड लावून बोलावं तसा, आबांचा आवाज आला. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता.

“द्वारका.”

थांबून, पुन्हा. “द्वारका. आहेस ना?”

माझ्या डाव्या खांद्यापाशी बादलीत काहीतरी बुडालं. लोटा तर माझ्या हातात होता.

छप्प.

नव्या फळीवर पंख्यासारखी ओल उमटली. शिंतोडे माझ्या हातावर उडाले, थंडगार, वाळ्याच्या वासाचे. आत म्हातारा रडायला लागला, तोंडात रजईचा बोळा घेतल्यासारखा. मला इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारलं. एवढंच हवं होतं तिला. एकदा नाव. हे त्याला मागच्या ज्येष्ठात जमलं असतं.

मी तिला सोडवायला फळी ठोकून घेतली होती आणि ती हाकेसरशी उन्हात परत आली होती. बांगड्या सरकल्याचा आवाज झाला. श्वास ऐकू येत होता, थकलेला, तोंडानं घेतलेला. मान वळवली असती तर तोंड दिसलं असतं. त्या तोंडासाठी मी काय दिलं नसतं. पण गॅलरीत बघायला गेलं की ती नसते, हे मला माहीत होतं.

मी नाही वळलो. समोरच्या ओल्या फळीकडे बघत मी लोटा खाली ठेवला, आणि एक पाऊल मागे, डावीकडे सरकलो, उन्हाच्या बाजूला.

माझी सावली फरशीवरून फिरली आणि बादलीजवळ पडली. तिथे दोन ओल्या पावलांचे ठसे होते, टाचा भाजू नयेत म्हणून चवड्यांवर उभं राहिल्यासारखे. सावली त्यांच्यावर आली, तसे ते हळूहळू टाचेपर्यंत पूर्ण झाले.